पेडगावच्या माळावरची फडफड

दोष नानांचा होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्याकडं किस्सा सांगणारा शेवटपर्यंत नाव दाबून ठेवतो आणि मग म्हणतो, "जाऊ द्या, मोठी माणसं आहेत." मी जाऊ देणार नाही. वय झालं म्हणजे चूक बरोबर होत नाही.

किस्से मात्र साचत जातात. आमचा हँगर रोज झाडून काढला तरी संध्याकाळपर्यंत कोपऱ्यात मुरमाची धूळ, मेंढ्यांची लोकर आणि एखादा वॉशर जमलेला असतोच. कुठून आला, कुणी टाकला, कुणालाच माहीत नसतं. किस्स्यांचं तसंच आहे. फरक एवढाच की किस्से कुणी टाकले ते मला माहीत आहे.

पेडगावच्या पुढं माळावर मुरमाची एक धावपट्टी आहे. जमीन भाऊसाहेबांची. क्लब भाऊसाहेबांचा. क्लबचं विमान एकच, दोन माणसं बसतील एवढं. पोरापोरींना उडायला शिकवायचं आणि कुणाला वरून पिकं बघायची असली तर फिरवून आणायचं, एवढाच धंदा. उडवणाऱ्या कॅप्टन मॅडम नाशिकच्या, आवाज न चढवता माणसाला कापणाऱ्या. दुरुस्ती नानांकडं. नाना मानवतचे, वय अडुसष्ट, त्यातली चाळीस वर्षं विमानांच्या पोटाखाली गेलेली. आणि चौथा मी.

मी इंजिनियरिंग तिसऱ्या वर्षाला सोडलं. व्हायब्रेशन नावाच्या विषयात दोनदा नापास झालो होतो. आणि गेली तीन वर्षं मी इथं दुसरं काही करतच नाही, फक्त विमान का थरथरतंय ते शोधतो. इथं पेपर तपासायला सर नसतात. जमीन असते.

थरथरीचे दोन प्रकार. एक नुसती थरथर, तिचा त्रास होतो, जीव जात नाही. दुसरा प्रकार म्हणजे फ्लटर. कापसाच्या ट्रॉलीवर बांधलेली ताडपत्री बघितली असेल. ट्रॉली हळू चालली की गप्प पडून असते. एका वेगाच्या पुढं गेली की अशी फडफडायला लागते की दोरी तुटेपर्यंत थांबत नाही. विमानाच्या शेपटीला एक आडवी हलणारी फळी असते, तिला एलिव्हेटर म्हणतात. नाक वर-खाली करायचं काम तिचं. तिचं वजन मागं झुकलं किंवा तिच्या सांध्यात ढिलाई आली, की तिची ताडपत्री होते. मग चार-पाच सेकंद मिळतात. तेवढ्यात वेग कमी केला तर वाचलात.

माझं मात्र एकाच गोष्टीवर अडलेलं होतं. विमानदुरुस्तीच्या लायसनच्या परीक्षेला बसायला तीन वर्षांच्या कामाची वही लागते आणि प्रत्येक कामाखाली लायसनवाल्या माणसाची सही लागते. आमच्याकडं तसा माणूस एकच, नाना.

"नाना, सही."

"वही भरू दे रे. एकदम करू."

वही भरत चालली होती.

* * *

नानांकडं सगळ्या रोगांवर एकच औषध होतं, पंखा. प्रोपेलरला आम्ही पंखाच म्हणतो. विमान थरथरलं, पंखा. रेडिओ खरखरला तरी नाना आधी पंख्याकडं बघायचे.

एकदा मॅडम उतरल्या आणि म्हणाल्या, "नाना, दांडा धरला की हाताला मुंग्या येतायत."

"पंखा," नाना म्हणाले.

पंखा उतरवला, तोलला, परत लावला. मुंग्या तशाच. परत उतरवला. तिसऱ्या वेळेला मी विचारलं, "नाना, ही थरथर इंजिनाबरोबर वाढती का इमानाच्या वेगाबरोबर?"

"कॉलेजात शिकिवलं का हे?"

"न्हाई. तिथं नापास झालो."

मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "सांग, काय करून बघू?"

मी माझा मोबाईल रबरानं त्या दांड्याला बांधला, ज्यानं पायलट विमान वळवतो. त्यात थरथरीचा आलेख काढणारं एक फुकटचं अॅप होतं. मॅडमना म्हटलं, वर गेल्यावर इंजिन कमी करा, पण नाक जरा खाली घालून वेग तेवढाच ठेवा. मग उलटं करा. इंजिन तेवढंच, वेग कमी.

नाना खाटेवर बसून म्हणाले, "खेळण्यानं इमान नीट हुतंय व्हय?"

मॅडम उतरल्या. इंजिन कमी केलं तरी थरथर तेवढीच. वेग कमी केला की ती गेली. म्हणजे पंख्याचा संबंधच नव्हता, भानगड शेपटीत होती. मी एलिव्हेटर दोन बोटांत धरून हलवला. खट-खट. तो ढकलणाऱ्या दांडीच्या टोकाचं बेअरिंग झिजलेलं होतं. एवढुसं, सुपारीएवढं.

बेअरिंग बदललं, मुंग्या गेल्या. संध्याकाळी भाऊसाहेब आले, त्यांनी विचारलं, "काय निघालं, नाना?"

नाना म्हणाले, "मी पैल्यापासून सांगायलोय, पंख्यात काय न्हाई."

* * *

भाऊसाहेब बसले की विमान थरथरायचं. मॅडम एकट्या गेल्या तर काही नाही. शिकाऊ पोरगी बसली तरी काही नाही. भाऊसाहेब बसले की पाच मिनिटांत सीटच्या मागनं घर्रर्र, घर्रर्र, थांबून थांबून.

नाना म्हणाले, "वजन हाय त्यांचं. फ्रेमवर येतंय." मग दोन दिवस फ्रेमचा एकेक रिवेट ठोकून बघितला.

तिसऱ्या दिवशी मी भाऊसाहेबांना सीटवर बसवलं, इंजिन बंदच ठेवलं आणि शेजारी उभा राहिलो. घर्रर्र.

"भाऊसाहेब, मागच्या खिशात काय हाय?"

मोबाईल होता, सायलेंटवर. सोसायटीच्या निवडणुकीचे दिवस होते, अर्धा तालुका त्यांना फोन करत होता आणि मागं सीटचा पत्रा.

त्या दोन दिवसांत फ्रेमचे रिवेट मात्र चांगले तपासून झाले. नानांनी ते काम वहीत लिहायला लावलं. सही केली नाही.

* * *

आता एक असा किस्सा, ज्यात चूक नानांची होतीच, पण माणूस किती पक्का आहे तेही कळतं.

रडर म्हणजे शेपटीची उभी फळी. ती पायलटच्या पायाखालच्या पेडलपासून मागपर्यंत गेलेल्या दोन पोलादी तारांनी हलते. त्या तारा किती ताणायच्या त्याचं माप असतं आणि ते मोजायचं मीटरही असतं. क्लबचं मीटर नानांच्या कपाटात होतं, कारखान्यातनं आलं तसं, प्लॅस्टिकसकट. कपाटाची किल्ली नानांच्या करदोड्याला.

"खराब हुईल," नाना म्हणायचे आणि तार बोटानं छेडायचे. कान लावायचे. "टण्ण. बास."

मे महिन्याच्या दुपारी, आपल्याकडं पत्र्याखाली अंडं उकडेल अशा वेळी, त्यांनी तारा अशा लावल्या. चाचणी झाली, विमान गुण्यागोविंदानं उडालं. नंतर डिसेंबर आला. परभणीची थंडी तुम्हाला माहीत आहे, सकाळी तोंडातनं शब्दाआधी वाफ बाहेर पडते. मॅडम सकाळी सातला उडाल्या आणि जरा वेग घेतला तर पायाखाली पेडल बडबडायला लागली. त्यांनी लगेच वेग कमी केला, वळल्या, उतरल्या.

खाली येऊन फक्त एवढंच बोलल्या, "नाना, रडर माझ्याशी काहीतरी बोलत होतं. मला ते ऐकायचं नव्हतं."

मी तार छेडली. थप्प. धुण्याच्या दोरीसारखा आवाज. विमानाचं अंग अॅल्युमिनियमचं, तार पोलादाची. उन्हात अंग जास्त वाढतं, तार ताणली जाते. थंडीत अंग जास्त आखडतं, तार ढिली पडते. मीटरच्या डब्यातच तक्ता असतो, किती तापमानाला किती ताण. तो डब्यात होता, डबा कपाटात, आणि किल्ली कुठं होती ते सांगितलंच.

"नाना, किल्ली द्या."

"कान हायती मला."

"तुमचे कान मे महिन्याचे हायती."

मॅडमनी तोंड फिरवलं. नानांनी करदोड्याची किल्ली सोडून दिली. मी मीटरचं प्लॅस्टिक फाडलं, तक्ता बघितला, तारा ओढल्या. नाना मागं उभे. मी म्हटलं, आता बरोबर झालं. ते पुढं आले, तार छेडली, कान लावला आणि म्हणाले, "डावी जरा कमी हाय."

मी मीटर लावलं. डावी जरा कमी होती.

मला राग आला. इतका चांगला कान असलेल्या माणसाला तक्ता बघायला काय होतं?

* * *

कॉलेजचे आमचे सर एकदा वीस पोरं घेऊन क्लब बघायला आले. मला दोनदा नापास केलेले तेच सर. त्यांनी ओळखलं. पोरांसमोर विचारलं, "बोल, या शेपटीची नैसर्गिक कंपनसंख्या किती?"

मी मोबाईल शेपटीला चिकटवला, मुठीनं एक ठोसा दिला आणि आलेख त्यांच्यासमोर धरला. आकडा तिथंच होता. सरांनी फळ्यावर करतात तसं हवेत बोटानं काहीतरी गणित केलं. बराच वेळ केलं. शेवटी पोरांना म्हणाले, "बघा, यानं कॉलेज सोडलं नसतं तर आज कुठं असता."

मी म्हटलं, "सर, तुमच्या मागं उभा असतो. वही घेऊन."

एकोणीस पोरांनी खाली बघितलं. एक पोरगी मात्र पुढं आली आणि म्हणाली, "परत एकदा मारा ना ठोसा." तिला मी सगळं दाखवलं.

* * *

आमच्याकडचा सगळ्यात भारी तपासनीस म्हणजे म्हाळूमामा. पगार नाही, लायसन नाही, शाळा नाही. धावपट्टीच्या कडेनं त्यांची दीडशे मेंढरं चरतात. नाना त्यांना हाकलायचे.

पावसाळा उघडल्यावर एका सकाळी मामा काठी टेकत हँगरपाशी आले. "तुमच्या इमानाला काय झालंय?"

नाना म्हणाले, "काय झालंय? कालच तपासलंय."

"वाजायलंय. येताना शेपटाकडनं बारीक फुर्रर्र करतंय. आधी करत न्हवतं."

"मेंढरं सांभाळ तू."

"तेच करतो की. मेंढराच्या खोकल्यावरनं कळतंय कोणतं आजारी हाय. माझी दीडशे हायती. तुमचं तर एकच हाय."

मी त्याच दुपारी एलिव्हेटर काढला. रंध्याची दोन पाती घेतली, धार वर करून टेबलावर उभी कसली आणि एलिव्हेटरचे सांधे त्यावर ठेवले. पुढच्या बाजूला आत शिशाचं वजन असतं, त्यामुळं फळीनं पुढं जरासं झुकून थांबायला पाहिजे. ती मागं झुकली.

रंग तोच, पत्रा तोच, मग वजन आलं कुठून? फळी पोकळ असते आणि पाणी निघून जायला मागच्या कडेला बारीक भोकं असतात. मी टॉर्च मारला. आत कुंभारीण माशीनं घरं बांधलेली. ओळीनं, सुबक, काळ्या मातीची. सगळी भोकं बुजवून, अगदी मागच्या टोकाला, जिथं चिमूटभर वजनही शेराला भारी पडतं तिथं.

आम्ही पावसाळ्याआधी विहिरीची मोटर झाकतो, ट्रॅक्टरच्या सायलेन्सरवर डबा उपडा घालतो. विमानाची भोकं झाकायचं कुणाला सुचलं नव्हतं. मलाही नाही. हे लिहून ठेवतो, नाहीतर म्हणाल नुसता नानांच्या मागं लागलाय.

सायकलच्या आऱ्यानं सगळी माती उकरून काढली. मूठभर निघाली. नानांनी ती हातावर घेतली आणि म्हणाले, "एवढ्यानं?"

तोवर म्हाळूमामा आले होते. त्यांनी मूठ बघितली, फळी बघितली आणि म्हणाले, "कानात गोम गेल्यावर मानूस एवढ्यानंच नाचतंय."

दुसऱ्या दिवशी मॅडमनी धावपट्टीवरनं एक फेरी मारली. मामा कडेला उभे. विमान गेलं. मामांनी काठी वर केली, मेंढरं पुढं घातली आणि गेले. त्या दिवसापासून मॅडम उड्डाणाच्या कागदावर सही करण्याआधी कडेला मामा दिसतात का ते बघतात. दिल्लीत असा माणूस असेल तर दाखवा.

* * *

आता शेवटचा.

खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारांची पूजा होते. ट्रॅक्टर, मळणीयंत्र, पाना, कोयता, सगळं धुऊन हळदीकुंकू. विमानालाही हार घालतात, त्याचं काही नाही, हार उतरतो. त्या वर्षी भाऊसाहेबांच्या मनात आलं की विमानावर वडिलांचं नाव पाहिजे. दसऱ्यानंतरच्या रविवारी मोठा कार्यक्रम होता, बाहेरून पाहुणे येणार, त्यांना विमानातनं फिरवायचं आणि मंडपावरनं कमी उंचीवर, जोरात एक फेरी मारायची. लोकांना खालून नाव वाचता आलं पाहिजे. दोन्ही पंखांखाली बियाण्याची जाहिरात आधीच होती. राहिलं शेपूट.

मी दोन दिवस गावाकडं गेलो होतो. नानांनी एलिव्हेटर काढून जिंतूर रोडच्या रहीमभाईंकडं दिला.

रहीमभाई जिल्ह्यातले एक नंबर पेंटर. ट्रॉलीच्या मागं "आई-वडिलांची पुण्याई" लिहावं तर त्यांनीच. त्यांनी ट्रॉलीसारखंच मन लावून काम केलं. रिवेटची डोकी दिसायला नकोत म्हणून आधी सगळीकडं लांबी, म्हणजे पुट्टी भरली, घासली, मग रंगाचे चार हात मारले. वर-खाली दोन्हीकडं सोनेरी अक्षरं, काळी सावली, "कै. आबासाहेब". नाव मोठं दिसावं म्हणून अक्षरं मागच्या कडेपर्यंत नेली.

मी शनिवारी आलो तेव्हा एलिव्हेटर विमानाला परत लावलेला होता. सुंदर दिसत होता. मी काढला आणि पात्यांवर ठेवला. मागचं टोक धप्पकन खाली गेलं.

"नाना, हे उडवता येत न्हाई. रंग खरवडायचा, न्हाईतर पुढं शिसं वाढवायचं, ते पण कारखान्याला विचारून."

"रंगानं काय हुतंय रे? रंगाला काय वजन असतंय?"

रहीमभाईंचे दोन डबे तिथंच पडले होते. "हे भरलेले आले हुते ना? आता रिकामे हायती. आतलं गेलं कुठं?"

नाना म्हणाले, "वाळलं."

मी हसलो नाही. मी सांगितलं, नेहमीच्या वेगाला कदाचित काही होणार नाही, पण मंडपावरनं जोरात जायचंय, आणि जोरातच ही फडफडणार, आणि तेव्हा सावरायला उंची नसेल. आत मॅडम असतील.

नानांनी नावाकडं बघितलं. मग म्हणाले, "भाऊसाहेबांनी पत्रिका वाटल्यात. त्यांच्या बापाचं नाव खरवड म्हणून कोण सांगणार? तू?" आणि मग हळू आवाजात, "वहीवर सही पाहिजे का न्हाई तुला?"

एलिव्हेटर परत लागला. विमान ठीक आहे या कागदावर नानांनी सही केली.

रविवारी मंडप भरला. बँड आला. रहीमभाई नवा कुर्ता घालून पहिल्या रांगेत, त्यांचा सत्कार होता. मी मॅडमना गाठून सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. "विमान नापास अशी सही तू करू शकतोस?"

"न्हाई. लायसन कुठंय माझ्याकडं?"

"मग माझ्याकडं कागदावर पास झालेलं विमान आहे." त्यांनी हातातले ग्लोव्हज घडी करून खिशात घातले. "मी सात मिनिटं चहा घेऊन येते. बोल्ट हरवू नकोस."

बोल्ट काढायला मला पाच मिनिटं पुरली.

पात्यांची पिशवी खांद्याला अडकवली, एलिव्हेटर डोक्यावर घेतला. हँगरचं मागचं दार बंद होतं, त्यामुळं मंडपासमोरूनच जावं लागलं. रहीमभाईंचा टेम्पो पलीकडं उभा होता, त्यात घालून परभणीला न्यायचा आणि रंग उतरवायचा एवढंच डोक्यात होतं. मला वाटलं, दहा पावलांत धरतील.

पण लोकांनी डोक्यावर काय बघितलं? सोनेरी अक्षरं. कै. आबासाहेब. पहिली रांग उठून उभी राहिली. मग दुसरी. बायांनी पदर डोक्यावर घेतले. बँडवाल्यांना वाटलं हाच कार्यक्रम, त्यांनी वाजवायला सुरुवात केली. एका म्हाताऱ्यानं खाली वाकून मुरमाला हात लावला. भाऊसाहेब स्वतः स्टेजवर हात जोडून, डोळे मिटून उभे होते. आबासाहेबांना अडवणार कोण?

मी टेम्पोपर्यंत पोचलो. रहीमभाई धावत आले. मी म्हटलं, रंग उतरवायचाय. "मियाँ, निकालना है तो निकाल, पर सत्कार तो होने दे पहले."

एवढ्यात भाऊसाहेबांनी डोळे उघडले.

बँड थांबला. भाऊसाहेब चालत आले, मागं पाहुणे, मागं अख्खा मंडप. ते माझ्याशी बोललेच नाहीत. नानांना म्हणाले, "नाना, ह्यो काय तमाशा हाय? एका शब्दात सांगा. इमान उडतंय का न्हाई?"

सगळे नानांकडं बघत होते. नानांनी "उडतंय" म्हटलं असतं तर मी त्या दिवशी मार खाल्ला असता.  पण त्यांनी माझ्या खांद्यावरची पिशवी ओढून घेतली, रंध्याची पाती काढली. सत्काराच्या टेबलावरचे हार, नारळ, शाली बाजूला सारल्या. पाती कसली. एलिव्हेटर माझ्या हातातनं घेऊन स्वतःच्या हातानं ठेवला.

मागचं टोक खाली गेलं, टेबलाला लागलं.

नानांनी उचललं, परत ठेवलं. परत गेलं.

"उडत न्हाई," नाना म्हणाले.

"मग कागदावर सही कोणाची हाय?"

"माझी."

भाऊसाहेबांनी शाल उचलून खांद्यावर नीट घेतली. "आजचा दिवस बसा. उद्यापासून तुमची सही इथं चालणार न्हाई."

पाहुणे जेवून गेले. रहीमभाईंनी त्याच दुपारी लिंबाच्या सावलीत बसून सगळा रंग, सगळी लांबी पत्र्यापर्यंत उतरवली, एका शब्दानं कुरकुर केली नाही. निघालेलं वजन बघून त्यांनी कानाला हात लावला. फळी पात्यांवर ठेवली तेव्हा पुढं जरासं झुकून थांबली. मॅडमनी ती बघितली आणि माझ्या पाठीवर एक थाप मारली. आमच्या माळावर आजवर विमानाचा एकही तुकडा पडलेला नाही.

नाना हँगरच्या बाकावर बसले होते. खिशातनं पेन काढलं, टोपण दातानं उघडलं.

"अजून आजचा दिवस हाय," ते म्हणाले. "आण वही. सगळ्या पानांवर करतो."

मी वही दिली नाही. काल न उडणारं विमान पास करणारी सही मला माझ्या कामाखाली नको होती. परीक्षेसाठी माझी तीन वर्षं धरली गेली नाहीत.